कुठल्या पानावर? : गाजलेल्या वचनांच्या मूळ पत्त्याचा शोध



बँकेत पासबुक भरून घ्यायला रांगेत उभे राहिले की समोरच्या भिंतीवर बऱ्याचदा एक तसबीर दिसते. वर महात्मा गांधींचे चित्र आणि खाली ग्राहकाविषयी पाच-सहा वाक्ये. ग्राहक हा आपल्या दारी आलेला सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे, तो आपल्यावर अवलंबून नसून आपणच त्याच्यावर अवलंबून आहोत, त्याची सेवा करून आपण उपकार करत नाही, उलट सेवेची संधी देऊन तोच आपल्यावर उपकार करतो, अशा आशयाची. दुकानांत, सरकारी कचेऱ्यांत, सहकारी पतसंस्थांतही हीच तसबीर भेटते. काही ठिकाणी खाली तपशीलही छापलेला असतो : दक्षिण आफ्रिकेतील भाषण, १८९०.

१८९० साली मोहनदास गांधी लंडनमध्ये कायद्याचा अभ्यास करत होते. जून १८९१ मध्ये त्यांना बॅरिस्टरची सनद मिळाली आणि लगेच ते मायदेशी निघाले. मुंबई-राजकोटमध्ये वकिलीचा जम बसेना, म्हणून एका व्यापारी पेढीच्या दाव्यासाठी ते मे १८९३ मध्ये दरबानच्या बंदरात उतरले. म्हणजे भाषण ज्या वर्षी झाले म्हणतात, त्या वर्षी वक्त्याचे पाऊलही त्या भूमीला लागलेले नव्हते. यातली बहुतेक वाक्ये छापील स्वरूपात सापडतात ती १९४१ साली, अमेरिकेत, स्टुडबेकर या मोटार कंपनीचे विक्री विभागाचे उपाध्यक्ष केनेथ इलियट यांच्या नावावर. मोटारी विकणाऱ्या एका जाणत्या माणसाने आपल्या धंद्यातल्या लोकांना सांगितलेली ती गोष्ट होती. गोष्ट चांगली होती, म्हणून ती टिकली. मात्र प्रवासात सांगणाऱ्याचे नाव गळून पडले आणि तिथे सगळ्यांच्या ओळखीचे नाव येऊन बसले.

ज्यांच्या स्मृतीला व्याख्यानमालेचे आजचे हे पुष्प वाहिले आहे, ते आयुष्यभर ग्रंथपाल होते. वक्तृत्व स्पर्धा जवळ आल्या की शाळेतली मुले ग्रंथालयात गर्दी करत आणि थोरामोठ्यांची वचने वहीत उतरवून घेत. वही दाखवायला आलेल्या मुलाला ते एकच विचारत, ‘कुठल्या पानावर?’ पान सांगता आले नाही तर रागावत नसत. शिडी लावून पुस्तक काढून देत आणि शेजारी बसून पाने उलटत. त्यांच्या या दोन शब्दांच्या प्रश्नाभोवतीच हे व्याख्यान गुंफले आहे.

वाक्य चांगले असले की झाले, ते कोणी म्हटले याला काय महत्त्व, असे पुष्कळांना वाटते. पण चुकीच्या नावाने फिरणारे वाक्य दोन माणसांवर अन्याय करते. ज्याने ते खरोखर उच्चारले त्याचे श्रेय जाते, हा पहिला अन्याय. दुसरा त्याहून मोठा आहे. ज्याच्या नावावर ते चिकटवले जाते, त्याचे स्वतःचे बोलणे त्याखाली झाकले जाते. तसबिरीतल्या वाक्यांमुळे कोणीच विचारत नाही की गांधी दक्षिण आफ्रिकेत पहिल्यांदा बोलायला उभे राहिले तेव्हा खरोखर काय म्हणाले. ते काय म्हणाले याची नोंद आहे आणि योगायोग असा की विषय व्यापाराचाच होता. त्याकडे शेवटी वळायचे आहे.

हा दुसरा अन्याय कसा घडतो हे लॉर्ड मेकॉले यांच्या नावावरच्या एका उताऱ्यात स्पष्ट दिसते. आपण भारत उभा-आडवा पाहिला, तिथे भिकारी दिसला नाही, चोर दिसला नाही, अशा देशाचा कणा मोडायचा तर त्याची शिक्षणपद्धती बदलली पाहिजे, असा त्याचा आशय. खाली तारीख असते २ फेब्रुवारी १८३५ आणि स्थळ ब्रिटिश संसद. भाषणांत, पुस्तिकांत, फलकांवर हा उतारा गेली कित्येक वर्षे फिरतो आहे. तारीख घेऊन शोधायला बसले तर काय हाती लागते? मेकॉले यांनी १८३४ मध्ये संसदेचे सदस्यत्व सोडले आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते मद्रासला उतरले. गव्हर्नर जनरलच्या मंडळात कायदेविषयक सदस्य म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. २ फेब्रुवारी १८३५ रोजी ते कलकत्त्यात होते. त्या दिवशी लंडनला संसदेचे अधिवेशनही नव्हते. ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक चालू होती आणि नवी संसद भरली ती १९ फेब्रुवारीला.

तारीख मात्र हवेतून आलेली नाही. त्याच दिवशी मेकॉले यांनी कलकत्त्यात शिक्षणाविषयीचे आपले प्रसिद्ध टिपण सादर केले. त्यात भारताच्या वैभवाची स्तुती नाही. युरोपातल्या एखाद्या चांगल्या ग्रंथालयाचे एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचे आहे, असे बेदरकार विधान आहे आणि इंग्रजी शिक्षणासाठी सरकारी पैसा खर्च करण्याचा युक्तिवाद आहे. या देशातल्या माणसाने चिडावे, वाद घालावा, उत्तर द्यावे असा मजकूर त्या अस्सल कागदावर पुरेसा आहे. बनावट उताऱ्याने काय केले, तर टीकाकाराच्या हातातला खरा पुरावा काढून घेतला आणि त्याच्या हाती खोटे नाणे ठेवले. प्रतिपक्षाने एकदा तारखेवर बोट ठेवले की मग खऱ्या तक्रारीकडेही कोणी लक्ष देत नाही.

कधी वचन निखालस बनावट नसते, मुळाशी एक बी असते. जगात जो बदल पाहायचा आहे तो आधी स्वतःत घडवा, हे गांधींच्या नावावरचे वाक्य शाळेच्या फळ्यापासून टी-शर्टपर्यंत सगळीकडे आहे. इंग्रजीत आज जसे ते म्हटले जाते, त्या घडणीचे वाक्य न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील शिक्षिका आर्लीन लॉरन्स यांच्या १९७४ साली छापलेल्या लिखाणात आढळते. गांधींच्या संकलित वाङ्मयाचे इंग्रजी खंड शंभर. त्यांत शोधत गेले की ९ ऑगस्ट १९१३ च्या ‘इंडियन ओपिनियन’मधला एक गुजराती लेख लागतो. आरोग्याविषयीच्या लेखमालेतला तो लेख आहे आणि त्याचा विषय आहे सर्पदंश!

साप चावला तर काय करावे हे सांगता सांगता गांधी सापाच्या भीतीकडे वळतात. माणूस प्राण्याला वैरी मानतो म्हणून प्राणीही माणसाशी वैर धरतो, असे त्यांचे म्हणणे. बाहेरच्या जगात ज्या प्रवृत्ती दिसतात त्या सगळ्या आपल्या देहात आहेत. आपण स्वतःला बदलू शकलो तर जगाच्या प्रवृत्तीही बदलतील, इतर काय करतात याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही, असे ते मांडतात. टी-शर्टवरच्या वाक्याशी याचे नाते आहे, पण दोन्ही एक नाहीत. टी-शर्टवर एक सुटसुटीत उपदेश आहे. मूळ लेखात दक्षिण आफ्रिकेत राहणारा एक माणूस, गवतातला साप आणि मनातले भय आहे. अहिंसेचा विचार तिथे माणसांपुरता थांबत नाही. पान उघडले तरच हे दिसते.

मग हे असे का होते? मोठे नाव हे लोहचुंबकासारखे असते. आसपासचे लोखंडाचे कण त्याला येऊन चिकटतात. आपल्याकडे याचा सर्वांत कसून अभ्यास एका गोमंतकीयाने केला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यातल्या कोसबेंचा. ते गणिती होते. फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकवले, पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. याच माणसाने भर्तृहरीची सुभाषिते हाती घेतली. नीती, शृंगार आणि वैराग्य अशी भर्तृहरीची तीन शतके मराठी घरांना परकी नाहीत. वामन पंडितांनी सतराव्या शतकातच त्यांना मराठी रूप दिले आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ती पाठ केली. तीन शतके म्हणजे हिशेबाने श्लोक तीनशे. कोसंबींनी देशभरातल्या ३७७ हस्तलिखितांचा धांडोळा घेतला तेव्हा भर्तृहरीच्या नावावर निघाले साडेआठशेच्या आसपास.

हस्तलिखितांचे गट पाडून, कोणता श्लोक कोणत्या परंपरेत आहे आणि कोणत्या परंपरेत नाही याचे कोष्टक मांडत ते पुढे गेले. सगळ्या परंपरांत समान असलेले श्लोक उरले सुमारे दोनशे. दुसऱ्या गटात काही पोथ्यांचा भक्कम आधार असलेले श्लोक आले. उरलेले कुठे एका पोथीत, कुठे दोन पोथ्यांत. म्हणजे कोणा तरी लेखनिकाला आवडलेले आणि त्याने आपल्या प्रतीत घातलेले. हा ग्रंथ १९४८ साली मुंबईहून प्रसिद्ध झाला आणि त्याच्या इंग्रजी नावात कोसंबींनी ही सुभाषिते भर्तृहरीची न म्हणता ‘भर्तृहरीच्या नावावर सांगितली जाणारी’ असे म्हटले. एका विशेषणात केवढा प्रामाणिकपणा आहे! अशी भर घालण्यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे नाही. चांगला श्लोक एकटा पडू नये, त्याला चांगले घर मिळावे, एवढीच लेखनिकाची माया असावी.

व्हॉट्सॲपवर पु. ल. देशपांडे किंवा व. पु. काळे यांच्या नावाने रोज सकाळी जे उतारे येतात, त्यांच्यामागेही बहुधा हीच माया असते. लिहिणारा एखादा निनावी माणूस असतो, त्याचे चार शब्द आवडतात आणि पुढे पाठवणारा त्यांना ओळखीचे नाव देतो. पु. ल. आणि व. पु. आता खुलासा करायला नाहीत. जिवंत माणसालाही ते सोपे नसते. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात अर्थव्यवस्थेविषयीचा एक आशावादी मजकूर रतन टाटा यांच्या नावाने पसरला, तेव्हा हे आपण बोललेलो नाही आणि लिहिलेलेही नाही, असे त्यांना स्वतः जाहीर करावे लागले.

मराठी परंपरेला ही काळजी नवी नाही. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा असते. ‘तुका म्हणे’ हे दोन शब्द लावले की कोणाचीही रचना गाथेत शिरू शकते, हे वारकऱ्यांनाही ठाऊक होते. म्हणून १८६९ साली मुंबई सरकारच्या मदतीने इंदुप्रकाश छापखान्यातून तुकोबांची गाथा निघाली, तेव्हा विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, पंढरपूर, कडूस अशा ठिकठिकाणच्या पोथ्या समोर ठेवून पाठ ठरवला.

त्याच्याही सुमारे २८५ वर्षे आधी पैठणला एकनाथांनी हेच केले होते. ज्ञानेश्वरी लिहिली गेली १२९० मध्ये. पुढच्या तीन शतकांत नकला करताना ती भ्रष्ट झाली. कोणी शब्द बदलले, कोणी ओव्या घुसवल्या. नाथांनी जुन्या प्रती मिळवल्या, ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. ते स्वतः थोर कवी. ज्ञानदेवांच्या सुरात सूर मिळवून ओवी रचणे त्यांना जड नव्हते. पण शेवटी त्यांनी बजावले की जो कोणी या ग्रंथात स्वतःची ओवी घालील, त्याने अमृताने भरलेल्या ताटात करवंटी वाढली असे समजावे. ज्याला भर घालणे सहज शक्य होते त्यानेच भर घालू नका असे सांगितले, याचे मोल फार आहे.

अशी एखादी करवंटी किती नुकसान करते, याचे उदाहरण महाभारतातले आहे. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो, द्रौपदी हसते आणि त्याच्या आंधळ्या पित्यावरून त्याला टोचून बोलते, म्हणून तो सूड घेतो, अशी कथा घरोघरी सांगितली जाते. दूरदर्शनच्या मालिकेने ती आणखी पक्की केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ साली काम सुरू झाले, वि. स. सुखठणकरांनी त्याला शास्त्रीय घडी घालून दिली, १,२५९ हस्तलिखिते जमवली गेली आणि १९६६ मध्ये काम पूर्ण झाले. तिच्या सभापर्वात त्या प्रसंगी हसतात ते भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि सेवक. द्रौपदी हसल्याचा उल्लेख येतो तो नंतर, दुर्योधन घरी जाऊन पित्याजवळ गाऱ्हाणे घालतो तेव्हा. ते टोचणारे वाक्य द्रौपदीच्या तोंडी नाही.

न बोललेल्या एका वाक्यासाठी एका स्त्रीला पिढ्यान्‌पिढ्या युद्धाचे कारण ठरवले गेले. भरसभेत जिची विटंबना झाली, तिनेच ती ओढवून घेतली असे म्हणण्याची सोय त्या वाक्याने करून दिली. वचनाचा पत्ता शोधणे हा पंडितांचा फावल्या वेळचा उद्योग नाही, हे पटवायला एवढे एक उदाहरण पुरे आहे.

छपाई आली आणि अवतरणचिन्हे आली. जुन्या पोथीत ती नव्हती. मोडीत तर एका ओळीत शब्दही जोडून लिहिले जात. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी मराठीत विरामचिन्हे रुजवली, तेव्हापासून त्या लहान खुणांवर वाचकाचा विश्वास बसला. त्यांच्या आत जे आहे ते त्या माणसाचे शब्दशः बोलणे, असा तो करार आहे. हा करार मोडला की काय होते, हे व्होल्तेअरच्या नावावरच्या प्रसिद्ध वाक्यात दिसते. तुझे मत मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी प्राण देईन, या आशयाचे ते वाक्य. व्होल्तेअर १७७८ साली वारला. वाक्य आले ते १९०६ साली एव्हलिन बिअट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने टोपणनावाने लिहिलेल्या चरित्रपर पुस्तकात. त्याची वृत्ती तिने आपल्या शब्दांत सांगितली आणि भोवती अवतरणचिन्हे घातली. पुढे १९३९ मध्ये तिने पत्राने कळवलेही की शब्द आपले आहेत. तोवर ते जगभर गेले होते. आविष्कारस्वातंत्र्याचे सर्वांत गाजलेले वाक्य एका स्त्रीने लिहिले आणि नाव मात्र पुरुषाचे झाले.

स्वातंत्र्यलढ्यातल्या घोषणांची गोष्ट यापेक्षा सुखद आहे, कारण तिथे मूळ माणूस पुढे आणणारे प्रामाणिक साक्षीदार होते. ‘क्विट इंडिया’, ‘भारत छोडो’ हे शब्द गांधींचेच असे सर्रास समजले जाते. शांतिकुमार मोरारजी यांनी लिहून ठेवले आहे की नाव ठरवताना ‘गेट आउट’ गांधींना असभ्य वाटले, राजाजींनीही दुसरे शब्द सुचवले, आणि ‘क्विट इंडिया’ ही अक्षरे कोरलेले धनुष्य युसूफ मेहेरअलींनी पुढे ठेवले तेव्हा गांधींनी त्याला मान्यता दिली. मेहेरअली त्याच वर्षी, १९४२ मध्ये, मुंबईचे महापौर झाले होते. १९२८ मध्ये सायमन कमिशनला ‘परत जा’ म्हणणारी घोषणाही त्यांचीच. हा लढा जिथे पुकारला गेला त्या गवालिया टँकवरून रोज हजारो माणसे जातात. ८ ऑगस्ट १९४२ त्यांना माहीत असतो, मेहेरअली फारच थोड्यांना.

‘इन्किलाब जिंदाबाद’ ही घोषणा भगतसिंगांशी कायमची जोडली गेली. ती दिली मौलाना हसरत मोहानींनी, १९२१ साली. डिसेंबर १९२९ मध्ये कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’चे संपादक रामानंद चटर्जी यांनी या घोषणेवर टीका केली, तेव्हा तुरुंगातून भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी उत्तर पाठवले. उत्तराच्या सुरुवातीलाच त्यांनी स्पष्ट केले की या घोषणेचे जनक आपण नव्हे. मग तिचा अर्थ समजावून सांगितला. फाशीची छाया डोक्यावर असताना त्या तरुणांना न मिळवलेले श्रेय नको होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या त्रिसूत्रीत नाव बरोबर आहे, पण क्रम हलला आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत त्यांनी इंग्रजीत दिलेला संदेश ‘एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइज’ असा होता. मराठीत तो ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ असा रूढ झाला. मधला शब्द शेवटी गेला. अ‍ॅजिटेट म्हणजे आधी मने ढवळून काढणे, अन्यायाची जाणीव पेटवणे आणि मग त्या जाग्या मनांची संघटना बांधणे, असा मूळ क्रमाचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध केली आहेत. ज्यांना हा संदेश जगायचा आहे त्यांना मूळ क्रम पाहण्याचा हक्क आहे आणि आता सोयही आहे.

सोय सगळीकडेच वाढली आहे. कोसंबींना पोथ्यांसाठी गावोगाव पत्रे लिहावी लागली. आज गांधींचे शंभर खंड मोबाइलवर उघडतात. शाळेच्या फळ्यावर रोज सुविचार लिहिण्याची सुंदर प्रथा महाराष्ट्रात आहे. ज्या मुलाची पाळी असेल त्याने नावाखाली ग्रंथ आणि पानही लिहावे, एवढी एक ओळ वाढवली तर पुष्कळ होईल. पान सापडले नाही तर नाव न घालता सुविचार लिहावा. सूत्रसंचालकांनी, लग्नपत्रिका आणि स्मरणिका छापणाऱ्यांनी, आणि सर्वांत आधी व्याख्यात्यांनीही हे करावे. माणूस त्या वर्षी त्या गावी होता का, तो कोणत्या भाषेत बोलत असे, ते शब्द त्या काळी वापरात होते का, त्याच्या हयातीत ते कुठे छापले गेले का, हे चार प्रश्न विचारायला संशोधक असावे लागत नाही.

आता पुन्हा त्या तसबिरीकडे. गांधी १८९३ मध्ये प्रिटोरियाला पोहोचले आणि तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांची एक सभा त्यांनी बोलावली. शेठ हाजी महंमद हाजी जुसब यांच्या घरी ती भरली. जमलेल्यांत बहुतेक मेमन व्यापारी होते. आयुष्यातले आपले पहिले जाहीर भाषण म्हणून गांधींनी आत्मकथेत याच सभेचा उल्लेख केला आहे. विषय होता व्यापारातली सचोटी. धंद्यात खरेपणा चालत नाही असे व्यापारी मानत. परदेशात तर तुमची जबाबदारी दुप्पट आहे, कारण मूठभर हिंदी माणसांच्या वागण्यावरून इथे कोट्यवधी देशबांधवांची पारख होते, असे त्यांनी सांगितले.

त्याच सभेत त्यांनी आणखी एक गोष्ट केली. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना आपण शिकवू, असे ते म्हणाले. तिघे तयार झाले : एक न्हावी, एक कारकून आणि एक किरकोळ दुकानदार. त्यांच्या सवडीने त्यांच्या जागी जाऊन गांधी शिकवत. कधी पोहोचावे तर विद्यार्थी आपल्या कामात गढलेला असे. मग लंडनहून सनद घेऊन आलेला तो तरुण बॅरिस्टर न कंटाळता त्याचे काम उरकण्याची वाट पाहत थांबे.